स्वस्तात मिळाल्याचा आनंद



रविवारची दुसरी मिस्सा संपली की चर्चच्या आवारात थोडा वेळ रेंगाळणाऱ्यांच्या गप्पा आमच्याही कानावर पडतात. प्रवचनावर चर्चा क्वचितच होते. "मावशी, तेल कितीला घेतलंत?" "पाच लिटरचा कॅन घेतला, त्यावर किलोभर साखर फुकट." "फसलात! बुधवारी गेला असतात तर दोन किलो मिळाली असती." मग कुणीतरी पर्समधून घडी घातलेले कुपन काढते. "आज शेवटची तारीख आहे, मला नको, तू वापर," असे म्हणून ते दुसरीच्या हातात कोंबते आणि हशा पिकतो.

२००६ साली २६ जानेवारीला बिग बाझारने 'सबसे सस्ता दिन' सुरू केला, तेव्हा दुकानांत गर्दी आवरेना. पुढे २०२२ मध्ये त्या दुकानांवरची पाटी बदलली. परंतु एकावर एक फुकट मिळवण्याची आपली हौस काही बदललेली नाही. तेव्हा असा प्रश्न पडतो की, स्वस्तात मिळाल्याचा हा आनंद निष्पाप आहे, की तो लहानशा लोभाचाच प्रकार आहे?

आम्हाला वाटते, त्यात पुष्कळ चांगले आहे. मुलांची फी, म्हाताऱ्यांची औषधे आणि घराचा हप्ता सांभाळून जी माऊली महिन्याचा किराणा बसवते, तिने चार पैसे वाचवले तर तो लोभ नव्हे, तो प्रपंच होय. शिवाय कुठे काय स्वस्त आहे, हे ती स्वतःपाशी ठेवत नाही. लूकलिखित शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील स्त्री आठवावी. हरवलेले नाणे सापडताच तिने मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावले. नाणे एकच होते, पण आनंद एकटीने करण्याजोगा नव्हता.

मात्र बायबलमध्ये दुसराही एक गिऱ्हाईक आहे. नीतिसूत्रांच्या २० व्या अध्यायातील हा माणूस माल घेताना नाक मुरडतो, वाईट आहे म्हणतो आणि पाठ फिरली की आपल्या सौद्याची फुशारकी मारतो. त्याचा आनंद त्याला विक्रेत्यापासून लपवावा लागतो. सुपरमार्केटमध्ये तसे नसते. तिथे सवलतीची पाटी दुकानदारानेच लावलेली असते. आपल्याला काय सुटते हे तो जाणतो. तिथे फार तर आपणच, कुपन वाया जाऊ नये म्हणून, नको असलेली वस्तू घरी आणून फसतो.

संत ऑगस्टीन यांनी पवित्र त्रैक्यावरील ग्रंथात एक किस्सा सांगितला आहे. एका नटाने जाहीर केले की, प्रत्येकाच्या मनात काय आहे ते मी सांगेन. लोक गोळा झाले. तो म्हणाला, तुम्हा सर्वांना स्वस्तात घ्यायचे असते आणि महाग विकायचे असते. लोकांना ते अगदी पटले. परंतु संत ऑगस्टीन पुढे एका माणसाची आठवण देतात. त्याच्याकडे एक ग्रंथ विकायला आला. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, म्हणून त्याने अगदी थोडे पैसे मागितले. या माणसाने आपणहून त्याला योग्य ती मोठी किंमत दिली. म्हणजे नटाचे बोलणे सर्वांना लागू पडत नव्हते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही हाच किस्सा विचारात घेतला. त्यांच्या मते योग्य किंमत काट्यावर मोजता येत नाही. थोडे कमीजास्त झाल्याने न्याय मोडत नाही. तेव्हा घासाघीस करणे हे पाप नव्हे. पण समोरच्याची गरज पाहून भाव चढवणे त्यांना मान्य नाही. आम्ही म्हणतो, जे विकणाऱ्याला लागू, ते घेणाऱ्यालाही लागू. समोरच्याची अडचण पाहून भाव पाडणेही तसेच.

आता स्टेशनबाहेर येऊ या. सुपरमार्केटमध्ये छापील किंमत आपण मुकाट्याने देतो, आणि टोपली घेऊन बसलेल्या बाईशी मेथीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी वाद घालतो. संध्याकाळ झालेली असते, भाजी उद्यापर्यंत टिकणार नसते, तिला घरी जायचे असते. हे सर्व आपल्याला दिसत असते आणि म्हणूनच आपण अडून बसतो. आपल्या वसईत हे विसरून चालणार नाही. आपल्याच आया-आज्या पहाटेच्या गाडीने भाजी, केळी, फुले घेऊन मुंबईला जात. तिथे त्यांना 'वसईवाली' म्हणत. आज आपल्यातील कितीतरी घरे त्या टोपलीवर उभी आहेत.

कुणी म्हणेल, "फादर, भाजीवालीही भाव वाढवूनच सांगते." खरे आहे. ज्याच्या घरी ओढाताण आहे, त्याने जरूर भाव करावा. प्रश्न आहे तो ज्यांचे पाच रुपयांवाचून काही अडत नाही त्यांचा, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचा.

आम्हाला एक साधी कसोटी सुचते. मिस्सेनंतर मैत्रिणींना जी फुशारकी आपण सांगतो, ती विकणाऱ्यासमोर उभे राहून सांगता येईल का? तेलाच्या कॅनची सांगता येईल. तोही हसेल. मेथीच्या जुडीची सांगता येईल का?

कुपनांच्या गप्पा चालू राहोत, त्या आम्हाला आवडतात. परंतु एखाद्या रविवारी कुणी असेही सांगावे की, "काल मावशीने वीस मागितले, मी पंचवीस देऊन आले." बाकीच्या "फसलीस!" म्हणून हसतील. त्या हशात आम्हीही सामील होऊ.

प्रभू आपल्या घरांना आणि आपल्या बाजारहाटाला आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू