गाव करी ते राव न करी

न्यायाविषयी आपल्या लोकांत दोन म्हणी फार दिवसांपासून रूढ आहेत. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही एक, आणि ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही दुसरी. भांडण झाल्यास कोठे जावे हे पहिली सांगते. कोठे जाऊ नये हे दुसरी सांगते. या दोहोंचे तात्पर्य एकवटून तिसरी म्हण झाली आहे, ती ‘गाव करी ते राव न करी’. या तिसरीचा अर्थ वरवर सरळ दिसतो. राजाच्या हातून जे कार्य होत नाही ते गावाच्या एकोप्याने होते, एवढेच ती सांगते असे आपण समजतो. परंतु राजालाही जे करण्याची लाज वाटेल ते गाव करू शकते, असाही तिचा अर्थ होतो, आणि तो पहिल्याइतकाच खरा आहे. गावच्या वडीलधाऱ्यांनी तंटा मिटविणे हा न्याय होय की नव्हे, या प्रश्नाचा विचार म्हणीचे हे दोन्ही अर्थ समोर ठेवूनच केला पाहिजे.

प्रथम या पद्धतीच्या बाजूने जे म्हणता येईल ते पूर्णपणे म्हणू. काळ नदीच्या खोऱ्यातील माणगाव तालुक्यात भातखाचरांचे एखादे गाव घ्यावे. दोन भाऊ आहेत. एक गावी शेत करतो, दुसरा मुंबईस चाकरमानी आहे आणि शिमग्याला व गणपतीला घरी येतो. मधला बांध हातभर सरकला, असा एकाचा आरोप आहे. हे प्रकरण कोर्टात गेले म्हणजे कोर्ट सातबारा पाहील, मोजणीचा नकाशा पाहील, आणि बांध कोठे असावा हे सांगेल. त्याचे काम तेथे संपले. परंतु भांडण बांधाचे मुळी नव्हतेच! आईच्या दुखण्यात पैसा कोणी घातला, आणि तिच्या उशाशी कोण बसले, या जुन्या हिशेबाचे ते भांडण होते. ही गोष्ट सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. ती गावातील एखाद्या म्हाताऱ्याला ठाऊक असते. कोर्टाचा हुकूमनामा घेऊन दोघे भाऊ त्याच बांधाच्या दोन बाजूंस उभे राहणार आहेत आणि एकाच विहिरीचे पाणी पिणार आहेत, हेही त्या म्हाताऱ्याला ठाऊक असते. एकाच्या पदरात सगळे माप टाकण्यापेक्षा दोघांनी एकमेकांच्या दारात जावे, असे त्याला वाटते. या वाटण्याला अडाणीपणा म्हणणे हे शहरी अहंकाराचे लक्षण होय.

आपल्या इतिहासातही या पद्धतीला मोठे स्थान आहे. मराठेशाहीत वतनाचे, सीमेचे व वाटणीचे तंटे गोतसभेपुढे येत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार बसत, आणि निकालाचा महजर होत असे. जिंकणारा सरकारात हरकी भरी. हरणारा येजितखत लिहून देऊन आपला दावा सोडी. या कारभारातील दोन गोष्टी आम्हांस विशेष विचारार्ह वाटतात. पहिली ही की, निवाड्यास आरंभ होण्यापूर्वी वादी-प्रतिवादींकडून राजीनामा घेत, म्हणजे या सभेचा निकाल आम्हांस मान्य राहील असे ते लिहून देत. दुसरी ही की, सभेत आपल्याविरुद्ध पक्षपात होईल असे ज्याला वाटे तो दुसरे थळ मागू शके. संमती आणि दुसऱ्या ठिकाणी जाण्याची वाट, या दोन खांबांवर ती सभा उभी होती. तिला सत्ययुग मात्र समजू नये. पुरावा तोकडा पडला म्हणजे तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे दिव्य करावे लागे. आणि सभेत कोणाचा शब्द वजनदार व कोणाचा हलका हे जातीवर व वतनावर ठरे. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली आपला अहवाल लिहिताना एल्फिन्स्टनने पंचायतीची बाजू घेतली, पण तिची दिरंगाई, तिच्यातील लाचलुचपत आणि निकाल अमलात आणण्याच्या बाबतीतला तिचा दुबळेपणाही त्याने लपविला नाही.

वडीलधाऱ्यांच्या न्यायाचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र चीन देशात झाला. मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट होंगवू याने १३९८ साली प्रजेसाठी एक जाहीरनामा काढला. लग्न, जमीन, मारामारी असले किरकोळ तंटे गावच्या वृद्धांनीच निकालात काढावेत, असे त्यात फर्माविले होते. येथवर कोणीही मान डोलावील. परंतु पुढचे कलम असे की, वृद्धांना ओलांडून जो थेट अधिकाऱ्याकडे जाईल त्याची तक्रार खरी की खोटी हे न पाहता त्याला साठ फटके मारावेत आणि प्रकरण पुन्हा त्याच वृद्धांकडे धाडावे! कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीत खटलेच उद्भवू नयेत हा आदर्श आहे. पण तो आदर्श फटक्याच्या जोरावर आणू पाहिला की शांततेचे रूपांतर मुकेपणात होते. ज्याला बाहेर जाण्याची बंदी आहे त्याच्या मौनाला समाधान कसे म्हणावे?

याच देशाचा पुढील इतिहासही बोधप्रद आहे. छिंग राजवटीत खटलेबाजीची निंदा होतच राहिली. तरी सामान्य शेतकरी कचेरीत जात होते, असे तेथील जिल्हा-दप्तरांवरून दिसून आले आहे. फिलिप हुआंग या इतिहासकाराने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा शेकडो खटल्यांची छाननी केली आहे. फिर्याद दाखल झाली, अधिकाऱ्याचा पहिला शेरा पडला, की गावातील मध्यस्थ पुन्हा कामाला लागत आणि पुष्कळ तंटे निकालापूर्वीच बाहेर मिटत, असे त्यांत आढळते. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. तेथे कचेरी गावच्या समेटाला मारक ठरली नाही. ती उघडी होती म्हणून समेटात दुर्बळ पक्षाच्या शब्दालाही काही किंमत आली.

आता आपल्या घराकडे वळू. पूर्वी ज्याला कुलाबा म्हणत त्या रायगड जिल्ह्यात गावोगाव गावकी असते. देवस्थान, उत्सव, स्मशान, पाणी यांची व्यवस्था ती पाहते, आणि तंटेही मिटविते. तिच्या हातून अनेक चांगली कामे झाली आहेत. परंतु तिच्या हाती एक शस्त्र आहे. ते म्हणजे वाळीत टाकणे. या शस्त्राने रक्त निघत नाही. शिमग्यात गावदेवीची पालखी दारोदार फिरते ती एका दारापाशी न थांबता पुढे जाते, एवढेच. दुकानदार सामान नाही म्हणतो. लग्नाचे आमंत्रण येत नाही. घरात माणूस गेले तर खांदा द्यायला कोणी येत नाही. आणि जो शेजारी दयेने दोन शब्द बोलेल त्यालाही दंड होतो. या जिल्ह्यातून अशा बहिष्काराच्या तक्रारी या शतकाच्या दुसऱ्या दशकात वृत्तपत्रांतून आणि न्यायालयांतून वारंवार पुढे आल्या. पुढे महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार घालणारास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. याच्याही आधी, १९४९ साली, मुंबई इलाख्यात बहिष्कृती रोखणारा कायदा झाला होता. परंतु धर्मपंथांच्या स्वातंत्र्यास बाध येतो या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द ठरविला.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, कोणाशी बोलावे आणि कोणाशी बोलू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. त्यात सरकारने का पडावे? आक्षेप वजनदार आहे. त्यास आमचे उत्तर असे : मी माझ्या मनाने तुमच्याशी अबोला धरला तर तो माझा अधिकार, परंतु तुमच्याशी बोलणाऱ्या तिसऱ्याला मी दंड केला तर तो अधिकार राहिला नाही, ते राज्य झाले. आणि ते असे राज्य की जेथे दाद मागण्यास दुसरे थळ नाही.

याहून अवघड आक्षेप दुसराच आहे. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी गावी, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, आणि तो १९३३ पासून १९३९ पर्यंत टिकला. सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसता अर्धपोटी राहणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. गाव एक होते म्हणूनच ते घडले. अशा एकजुटीतून फुटू पाहणाऱ्या माणसाकडे गाव कोणत्या नजरेने पाहते, हे सांगावयास नको. मग जी शक्ती खोताला नमविते तिला आपण वंदन करावे, आणि तीच शक्ती एखाद्या घराला वाळीत टाकते तेव्हा तिला गुन्हा म्हणावे, हे सुसंगत कसे?

आमच्या मते विसंगती नाही. भेद दिशेचा आहे. चरीच्या कुळांनी आपल्याहून बलवानाला सहकार्य नाकारले, आणि त्याची झळ स्वतः सोसली. वाळीत टाकणारे गाव आपल्याहून दुबळ्याला जगणे नाकारते आणि स्वतः काहीच सोसत नाही. चवदार तळ्याचा १९२७ सालचा सत्याग्रह ज्या महाडास झाला ते माणगावापासून दूर नाही. अस्पृश्यांनी आपला हक्क मागितला की गाव त्यांची मजुरी, वाट आणि वाण्याचे दुकान बंद करी. मुंबई सरकारच्या ज्या समितीत डॉ. आंबेडकर सभासद होते त्या स्टार्ट समितीने १९३० साली या बहिष्काराची भयंकरता नोंदविली. आंबेडकरांना खेड्याविषयी जिव्हाळा का वाटला नाही, हे ज्यांना कोडे वाटते त्यांनी हा अनुभव ध्यानात घ्यावा. गाव एका मुखाने बोलू लागले म्हणजे त्या मुखात परमेश्वर आहे की पाटील आहे, हे वेशीबाहेरच्या माणसालाच आधी कळते.

तेव्हा समेट आणि निवाडा हे दोन वेगळे पदार्थ आहेत, असे आम्ही म्हणतो. निवाडा देणाऱ्यापाशी सत्ता असावी लागते, म्हणून त्याच्यावर कायद्याचा अंकुश हवा. समेट करणाऱ्यापाशी सत्ता नसावी लागते. त्याचे सारे बळ त्याच्या चारित्र्यात असते. ज्या दिवशी समेट करणारा दंड करू लागतो त्या दिवशी तो निवाडा देऊ लागतो, आणि तोही अंकुशावाचून. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा गावोगाव समित्या बसल्या. तिचा हेतू चांगला होता. परंतु तंटा नसणे हेच गावाचे भूषण ठरले की तंटा उकरणारा, म्हणजे अन्याय झाला असे बोलून दाखविणारा, गावाचा वैरी ठरण्याचे भय असते. संसदेने २०२३ साली मंजूर केलेल्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. दोन्ही पक्षांची आधी संमती हवी, आणि झालेला समेट कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही, असे तीत म्हटले आहे. काहींना हा त्या तरतुदीचा दुबळेपणा वाटतो. आम्हांस तोच तिचा प्राण वाटतो.

कोर्टाची तरफदारी करताना आम्ही त्याचे दोष विसरत नाही. तेथे तारखांमागून तारखा पडतात, दावा लावणारा आजोबा असतो आणि निकाल ऐकणारा नातू. दार उघडे आहे पण उंबरठा गुडघाभर उंच आहे, अशी गरिबाची स्थिती असते. तो उंबरठा उतरल्याखेरीज वर केलेला सारा युक्तिवाद पोटभरू लोकांपुरताच खरा राहील. परंतु कोर्ट महाग आहे म्हणून गावकीला दंडाचा अधिकार द्यावा, हे म्हणणे औषध महाग म्हणून विष घेण्यासारखे आहे.

शेवटी त्या दोन भावांकडे परत येऊ. गावचा म्हातारा त्यांना समजावून सांगतो. थोरला ऐकतो, धाकटा ऐकत नाही. या क्षणी त्या म्हाताऱ्याची परीक्षा होते, धाकट्याची नव्हे. ‘गावाचा शब्द मोडलास, आता पालखी तुझ्या दारी थांबणार नाही’ असे जर तो म्हणाला, तर आजवरची त्याची सारी मध्यस्थी ही धाकच होती, असे समजावे. पण ‘तुला माझे पटत नाही, तर माणगावच्या कोर्टात जा बाबा; तेथे जिंकलास किंवा हरलास, तरी गणपतीला मी तुझ्याकडे येईन’ असे जर तो म्हणाला, तर पाचामुखी परमेश्वर ही म्हण खरी करण्यास तो एकटा पुरेसा आहे. आणि आमचा असा विश्वास आहे की, असे शब्द ऐकल्यावर धाकटा भाऊ कोर्टाच्या वाटेवरून बहुधा अर्ध्यातूनच परत फिरेल.