शाडूचं खोकं

ही गोष्ट 1972 च्या आधीची आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे भेकरासाठी कुठली गोळी घ्यावी, हा प्रश्नच आपल्याकडे उरला नाही. त्याआधी मुंबई राज्याच्या 1951 च्या कायद्याखाली रीतसर परवाना काढून शिकार करता येत असे.

गिरगावातल्या एका चाळीत राहणाऱ्या तरुण कारकुनाकडे पॉइंट टू-टू रायफल होती. क्लबाच्या रेंजवर 50 मीटरवरून तो कागदाचा मधला ठिपका उडवायचा. एका दिवाळीत त्याच्या मनात आलं, की आता गावी जाऊन भेकर मारावं. फोर्टातल्या दुकानदाराने परवाना बघून दोन डब्या पुढे केल्या. एकीत ठोस शिशाच्या गोळ्या, दुसरीत टोकाला खळगा असलेल्या. वजन दोन्हींचं 40 ग्रेनच्या आसपास, म्हणजे अडीच ग्रॅमहून जरासं जास्त. त्याने दोन्ही घेतल्या आणि तसाच लालबागला मामांकडे गेला.

मामा गिरणीत साचेखात्यात होते. संगमेश्वरकडच्या रानात त्यांचं लहानपण गेलेलं, ठासणीच्या बंदुकीपासून हाक्यापर्यंत सगळं पाहिलेलं. पहिली पाळी करून नुकतेच आले होते. भाच्याने डब्या समोर ठेवल्या.

"मामा, यातली कुठली चालेल?"

मामांनी चहा संपवला. "गणपतीच्या कारखान्यात शाडू उरला असेल बघ. अर्धी गोणी घेऊन ये."

शाडू एसटीच्या टपावरून कोकणात गेला. कंडक्टरने सामानाचं वेगळं तिकीट फाडलं आणि दिवाळी झाल्यावर गणपती कोण बसवतो, असंही विचारून घेतलं. गावी मामांनी तो मळून घट्ट केला, चहाच्या खोक्यांत ठासून भरला आणि बांधावर मांडला.

भाच्याने आधी ठोस गोळी मारली. भोक करंगळी जाईल एवढंच, पण वीतभर खोल. मग खळग्याची मारली. हिचं तोंड रुंद, आत मात्र चार बोटांवर सगळं संपलेलं. गावचे खोत हौसेने आपली ईशापूरची .315 रायफल घेऊन आले होते. त्यांच्या गोळीचं टोक मऊ, वजन 244 ग्रेन, भाच्याच्या गोळीच्या सहापट. त्यांचा बार झाला तेव्हा खोक्याच्या फळ्या उचकटल्या आणि शाडू मामांच्या धोतरावर आला.

मामांनी तांब्या मागवला. पहिल्या भोकात पाणी ओतलं, घोटभर मावलं. दुसऱ्यात अर्धी वाटी. तिसऱ्याला भोक म्हणावं अशी स्थितीच राहिली नव्हती.

"ठोस गोळी आत जाते, पण उमलत नाही," मामा म्हणाले. "जनावर ती पोटात घेऊन दोन डोंगर ओलांडतं. भोक एवढं बारीक की रक्त धड खाली पडत नाही, मग माग कशाचा काढायचा? खळग्याची उमलते, पण खांद्याच्या हाडावरच तिचा जीव संपतो. उमलायचं आणि पोचायचंही, तर अंगात वजन हवं. ते तुझ्या डबीत नाही."

मामांना ठाऊक नव्हतं, पण इंग्लंडच्या संसदेने 1963 साली नेमका हाच हिशेब कायद्यात घातला होता. हरणासाठी .240 इंचाहून लहान रायफल नको, नळीच्या तोंडाशी 1700 फूट-पाउंडांहून कमी जोर नको, आणि गोळी उमलणारीच हवी. गंमत अशी, की कलकत्त्याजवळच्या डमडमचं नाव मिळालेली हीच उमलणारी गोळी 1899 च्या हेग परिषदेत युद्धासाठी निषिद्ध ठरली होती. माणसावर झाडली तर क्रूर आणि हरणावर झाडली तर दया! मला यात विसंगती वाटत नाही. जखमी शिपायाला उचलून न्यायला मागून कुणीतरी येईल, अशी निदान आशा असते.

भाचा मात्र हटला नाही. "मी अंगावर मारणारच नाही, मामा. डोक्यात मारीन. क्लबात विचारा हवं तर."

"क्लबातला कागद मान हलवतो काय?"

भाचा गप्प राहिला. मामा जरा वेळाने म्हणाले, "बरं, मार. डोक्यात लागली तर तुझी गोळीही पुरेल, मी नाही म्हणत नाही. पण माझी एक अट आहे. बार झाला आणि जनावर जागेवर पडलं नाही, तर ते सापडेपर्यंत तू मुंबईला जायचं नाहीस. मी काठी घेऊन बरोबर असेन. आपल्याकडे असंच चालत आलंय."

"आणि चार दिवस लागले तर?"

"तर चार दिवस."

संध्याकाळी पाणवठ्याच्या वर मचाणावर दोघे बसले. भाच्याच्या खिशात परवा सकाळच्या गाडीचं तिकीट होतं आणि ऑफिसात दोन किरकोळ रजा शिल्लक होत्या. उजेड अजून होता तेव्हाच भेकर आलं, एकटा नर, 20-25 किलोचा. अंतर फार तर 30 पावलं. रेंजवर एवढ्या अंतरावरून त्याने डोळे मिटूनही ठिपका उडवला असता, असं त्याचे मित्र म्हणत.

भेकराने पाण्याला तोंड लावलं, लगेच उचललं. कान फिरवला. पुन्हा खाली, पुन्हा वर. भाच्याने खटक्यावर बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. मामा त्याच्याकडे बघतही नव्हते, सुपारी कातरत होते. त्या आवाजानेच की काय, भेकर कुत्र्यासारखं भुंकलं आणि करवंदीच्या जाळीत शिरलं.

"मामा, सुपारी आत्ताच कातरायची होती?"

"तू कधीचा थांबला होतास. मला वाटलं, झालं तुझं."

परवाच्या गाडीने तो मुंबईला परतला. क्लबात दोस्तांनी घेरलं. त्यांतल्या एकाने नवीकोरी टू-टू घेतली होती आणि नाताळात तो ठाण्याच्या जंगलात जाणार होता.

"हरणासाठी कुठली गोळी घेऊ रे? ठोस की खळग्याची?"

"तुझी रजा किती शिल्लक आहे?" त्याने विचारलं.