हकालपट्टीपूर्वीची विचारपूस

लग्नाची पत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती असे रूप घेऊन आलेली, ‘एपीके’ या अक्षरांनी संपणारी फाईल उघडून ती फोनमध्ये बसू दिली की मोबाइलचा ताबा परक्याच्या हाती जातो. आणि मग तीच फाईल त्या माणसाच्या नावाने, त्याच्याच छायाचित्रासह, तो ज्या ज्या ग्रुपात आहे तेथे तेथे रवाना होते. ग्रुप माजी विद्यार्थ्यांचा असो की द्राक्षबागायतदारांचा, अ‍ॅडमिनला दिसतो तो एक नंबर, आणि पहिला हुकूम सुटतो तो त्या नंबराच्या हकालपट्टीचा.

तातडीचा बंदोबस्त म्हणून त्यात गैर काही नाही. कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसून टाकण्याची मुभा व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ पासून अ‍ॅडमिनला दिली आहे, ती अवश्य वापरावी. गैर आहे ते पुढचे: त्या माणसाला कोणी फोन करीत नाही, त्याची कैफियत कोणी ऐकत नाही, आणि ज्याच्या घरी चोरी झाली तोच गावात चोर ठरतो. नकोशी जाहिरात चुकून आत आली तर ती पुसण्यास क्षण पुरतो. परंतु हक्काचा सभासद चुकून बाहेर गेला तर दाद मागण्याचे ठिकाणच त्याला उरत नाही. संगणकतज्ज्ञ पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली नकोशा ई-मेलच्या चाळणीविषयी लिहिताना या दोन चुका समान वजनाच्या नाहीत, हे निक्षून सांगितले होते.

कित्येक अ‍ॅडमिन भयापोटी ‘फक्त अ‍ॅडमिन’ ही कळ दाबून सर्वांचीच वाचा बंद करतात. वस्तुतः सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज, अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच दिला आहे. त्या कळीमुळे ठगाचे काही बिघडत नाही, तो दुसरा ग्रुप शोधतो. मात्र ‘घडावर भुरी दिसते, काय फवारू?’ हे विचारणारी, मुलाच्या नावावरचे सिम वापरणारी बागायतदारीण मुकी होते. तिच्यासारखीचा ग्रुपात येण्याचा अर्ज अनोळखी नंबर म्हणून फेटाळण्याऐवजी आतल्या एखाद्या सभासदाने तिची ओळख पटवावी, एवढा शिरस्ता पुरेसा आहे.

अ‍ॅडमिन मंडळींना विनंती अशी की, नंबर काढलात तर त्याच दिवशी घरच्या दुसऱ्या फोनवर त्या माणसाशी बोला, पैसे गेले असल्यास १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावयास सांगा, आणि फोन निर्धोक होताच त्याला सन्मानाने परत घेऊन, दोष त्याचा नव्हता, हे सर्वांसमक्ष लिहा.