पिंजऱ्यातला राजा, माळावरचा चोर

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात नेतृत्वाच्या निसर्गनियमांवर एक भारदस्त लेख आला होता. लेखक व्यवस्थापनशास्त्राचे व्याख्याते. नाव घेत नाही, कारण हाच मजकूर निदान चार जण चार गावांत व्याख्यान म्हणून देतात आणि एकट्यालाच झोडपणं अन्यायाचं होईल. सांगणं असं, की लांडग्यांच्या कळपात एक 'आल्फा' असतो. तो लढून वर येतो, बाकीचे शेपूट पायांत घालून त्याच्यामागे चालतात, म्हणून कळप टिकतो. माणसांनीही हेच करावं. चर्चा, बैठका, मतदान वगैरे दुबळ्यांनी शोधलेली सोय आहे. शेवटी 'लांडग्यांवरील प्रमाणभूत ग्रंथांत हे सिद्ध झाले आहे' असा हवाला, ग्रंथाचं नाव न देता.

लोकशाहीच्या अपमानाची आता सवय झाली आहे. मला राग आला तो हवाल्याचा. तो ग्रंथ कोणता असावा हे ओळखणं अवघड नाही, आणि त्याच्या लेखकाने तो छापणं थांबवावं म्हणून प्रकाशकाकडे वर्षानुवर्षं तगादा लावला होता. ही गोष्ट व्याख्यात्यांपर्यंत पोचलेली नाही, किंवा पोचली असली तरी मानधनाच्या आड येत असावी.

गोष्ट बाझलमध्ये सुरू होते. रूडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि १९४७ मध्ये त्यांच्या हावभावांवर एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. कान, ओठ, शेपूट, मानेवरचे केस यांचं त्याने केलेलं वर्णन आजही वाचण्यासारखं आहे. आवारातले लांडगे एकमेकांवर धाक बसवायला धडपडत होते आणि एक नर व एक मादी वरचढ ठरत होती, हेही त्याने पाहिलं तसंच लिहिलं. पाहण्यात खोट नव्हती. फक्त ते प्राणी माणसाने एकत्र कोंडलेले होते. रानात न पटलेला तरुण लांडगा वयाच्या पहिल्या ते तिसऱ्या वर्षांत कळप सोडतो, मैलोन्‌मैल भटकतो, जोडीदार मिळाला तर नवा संसार थाटतो. बाझलमध्ये जाणार कुठे?

बरं, याच्या तीन वर्षं आधीच रानातल्या लांडग्यांचं पुस्तक छापून झालं होतं. अडॉल्फ म्यूरी १९३९ ते १९४१ या काळात अलास्कातल्या मॅककिन्ली उद्यानात, म्हणजे आजच्या देनालीत, लांडग्यांच्या गुहेसमोर तासन्‌तास बसून होता. त्याने डोंगरी मेंढ्यांच्या आठशेहून अधिक कवट्या गोळा केल्या आणि लांडगे मुख्यतः म्हाताऱ्या, दुबळ्या आणि अगदी लहान जनावरांना मारतात हे दाखवून दिलं. त्याच्या पुस्तकातला कळप म्हणजे आई, बाप, पिल्लं सांभाळणारे काका-मावशा. सिंहासन नाही, तख्तपालट नाही. १९४४ सालच्या या सरकारी प्रकाशनातून नेतृत्वाचे सात नियम काही निघेनात, म्हणून व्याख्यानांत म्यूरी नाही.

आता डेव्हिड मेक. या माणसावर मी जरा जास्त जागा खर्च करणार आहे. संपादकांनी चालवून घ्यावं.

मेक १९५८ मध्ये सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर विद्यार्थी म्हणून दाखल झाला. त्याचे गुरू डरवर्ड ॲलन यांनी तिथे लांडगे आणि मूस हरणांचा जो अभ्यास त्या वर्षी सुरू केला तो आजही चालू आहे. मेक हिवाळ्यात लहान विमानातून बर्फावरचे कळप पाही. १९७० मध्ये त्याचं 'द वुल्फ' आलं आणि एका पिढीसाठी लांडगा म्हणजे तेच पुस्तक झालं. त्यात आल्फा आहे, आणि तो शेंकेलकडून आलेला आहे.

मला यातलं कोडं असं वाटतं: ज्याने स्वतः रानातले लांडगे पाहिले त्याने कळपाच्या नात्यांसाठी प्राणिसंग्रहालयाची साक्ष का काढावी? माझा तर्क सांगतो. विमानातून शिकार दिसते, नातं दिसत नाही. बर्फावर एका ओळीत चाललेल्या प्राण्यांत बाप कोणता आणि दोन वर्षांचा लेक कोणता हे वरून कळायचं कसं? उन्हाळ्यात, पिल्लांच्या दिवसांत, बेटावरचं दाट रान सगळं झाकून टाकतं. म्हणजे ग्रंथाच्या नेमक्या त्या प्रकरणापाशी मोकळी जागा होती, आणि मोकळ्या जागेत हाताशी असेल ते ज्ञान येऊन बसतं. पुढे विद्यार्थ्यांच्या टिपणांतून, कुत्र्यांच्या शिकवण्यांतून आणि पुरुषत्वाच्या दुकानांतून तेच सर्वत्र पसरलं.

१९८६ पासून मेक दर उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तर टोकाशी, एल्समिअर बेटावर जाऊ लागला. तिथे झाड नाही, माणसाची दहशत नाही, आणि लांडगे त्याला जवळ बसू देत. तिथे त्याला दिसला तो म्यूरीचाच कळप. १९९९ मध्ये त्याने शोधनिबंध लिहून सांगितलं, की बहुतेक कळपांत आल्फा म्हणजे फक्त आईबाप. त्यांनी कुणाला हरवलेलं नसतं, त्यांनी पिल्लं जन्माला घातलेली असतात. कोंडलेल्या लांडग्यांवरून कळपाचे नियम काढणं म्हणजे निर्वासितांच्या छावणीवरून माणसाची कुटुंबव्यवस्था ठरवणं, ही उपमाही त्याचीच. २००३ मध्ये त्याने लुइजी बोइतानी या इटालियन सहकाऱ्याबरोबर नवा जाडजूड ग्रंथ संपादित केला. २३ लेखक, ४४८ पानं. मेकच्याच हिशेबाप्रमाणे त्यात आल्फा अवघ्या सहा ठिकाणी येतो, तोही ही कल्पना कालबाह्य का झाली हे सांगण्यापुरता. जुन्या पुस्तकाची छपाई थांबली ती मात्र २०२२ मध्ये. स्वतःचंच खपणारं पुस्तक बंद पाडण्यासाठी इतकी वर्षं झगडलेला दुसरा विद्वान मला माहीत नाही. आपल्याकडे तर प्रबंधातली उघडी पडलेली चूक पुढच्या आवृत्तीत 'विस्तारित' होते.

इथवर वाचून माझे पर्यावरणवादी मित्र खूश झाले असतील. त्यांच्याकडे भिंतीवर लावायचं चित्र तयारच असतं: लांडगा म्हणजे प्रेमळ कुटुंब, एकपत्नीव्रत, वृद्धांची काळजी आणि जाता जाता नद्यांचा उद्धार. त्यांचीही जरा खबर घेतो.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. मग कथा तयार झाली, की लांडगे आले, एल्क हरणं बुजली, वाळुंज फोफावला, बीव्हर परतले, नद्यांनी वळण बदललं. २०१४ मध्ये या कथेची चित्रफीत जगभर फिरली. पण वाळुंजांच्या पट्ट्यांत वीस वर्षं चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांनुसार लांडगे परतल्याने ते ओढ्याकाठचं रान पूर्ववत झालेलं नाही; बीव्हर गेल्यावर खोल गेलेलं पाणी नुसत्या भीतीने वर येत नाही. मेकने तर २०१२ मध्येच, विज्ञान लांडग्याला देवत्व बहाल करत आहे काय, असा सवाल एका निबंधाच्या मथळ्यातच केला होता. त्याच यलोस्टोनमधला ड्रुइड कळप २००१ मध्ये ३७ लांडग्यांचा झाला होता. तिथे एकाहून अधिक माद्या विणाऱ्या आणि बहिणी-बहिणींत रक्त निघेपर्यंत मारामाऱ्या. लांडग्याच्या हातून लांडगा मरणं हे त्या उद्यानातल्या नैसर्गिक मृत्यूंचं एक मोठं कारण आहे. कुटुंब आहे खरं. पण कुटुंब हा शब्द ऐकून ज्यांना फक्त माया आठवते त्यांनी दिवाणी न्यायालयात एक दिवस बसून यावं.

'निरोगी लांडगा माणसावर कधीच हल्ला करत नाही' हे वाक्य उत्तर अमेरिकेत अनेक वर्षं शपथेसारखं म्हटलं गेलं. ते पूर्व उत्तर प्रदेशात म्हणून पाहावं. १९९६ मध्ये प्रतापगढ, जौनपूर, सुलतानपूर या पट्ट्यात लांडग्यांनी ७० हून अधिक मुलांवर हल्ले केले आणि त्यांतली बरीच दगावली. यादवेंद्रदेव झाला आणि दिनेश शर्मा यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा गावोगाव माणूस-लांडग्याच्या अफवा होत्या आणि परक्या माणसांना मार बसत होता. २०२४ मध्ये बहराइचमध्ये पुन्हा तेच भय. जॉन लिनेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जगभरच्या हल्ल्यांचा मोठा आढावा काढला, त्यात भारताची पानं वगळता आली नाहीत. मरणारी मुलं बहुतेक दाराशिवायच्या घरांतली, आणि त्या घरांचं ग्रंथालयात प्रतिनिधित्व कमी असतं.

मग मी कुठे उभा आहे? आतापर्यंतचा माझा युक्तिवाद असा होता, की बाझल खोटं आणि एल्समिअर खरं. पिंजऱ्यातलं वर्तन विकृत, रानातलं अस्सल. पण हा मापदंड घेऊन मी फलटण-इंदापूरच्या माळावर आलो की तो माझ्या हातात मोडतो.

आपल्या लांडग्याचं शास्त्रीय नाव याच दख्खनच्या मातीतलं. कर्नल साइक्सने १८३१ मध्ये 'कॅनिस पॅलिपीस' म्हणून त्याचं वर्णन केलं ते इथे पाहिलेल्या प्राण्यांवरून. २०२१ मध्ये लॉरेन हेनेली आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून दाखवलं, की भारतीय लांडगा हा जगातल्या करड्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी आहे. देशात असे सुमारे तीन हजार उरले असावेत, वाघांपेक्षा कमी. पण हा पुरातन प्राणी खातो काय? गुजरातच्या वेळावदरला काळवीट भरपूर, म्हणून तिथे काळवीट. आपल्याकडे सोलापूरच्या नान्नज परिसरात, माळढोकाच्या नावाच्या अभयारण्यात लांडगा पोटभाडेकरूसारखा अभ्यासला गेला. सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी, पुढे बिलाल हबीब यांनी तिथे काम केलं. त्या माळावर त्याच्या पोटात शेळ्यामेंढ्यांचा मोठा वाटा निघतो. म्हणजे मेंढपाळाची खांडं, रात्रीची वाघर, भुंकणारी कुत्री, उसाचा फड, नाल्याची दरड हेच त्याचं रान. माणूस वजा केला की जे उरेल ते अस्सल, अशी कसोटी लावली तर दख्खनचा लांडगा बाझलच्या लांडग्याइतकाच भेसळीचा ठरतो. मग एल्समिअरची कसोटी इथे लावायचीच कशाला?

म्हणून पिंजरा की रान हा प्रश्न मी सोडून देतो. शेंकेलच्या लांडग्यांची अडचण माणसाचा सहवास ही नव्हती. त्यांना निघून जाता येत नव्हतं, ही होती. म्यूरीच्या आणि मेकच्या लांडग्यांना जाता येत होतं, म्हणून आईबापांना तख्त राखत बसावं लागलं नाही. लांडग्यांवरच्या कुठल्याही ग्रंथाला मी आता एवढंच विचारीन, की यातल्या तरुण लांडग्याला वाट होती का?

हा प्रश्न पुणे जिल्ह्याला विचारला की उत्तर सुखाचं येत नाही. गवताळ माळ महसूल खात्याच्या भाषेत इंग्रजी अमदानीपासून 'पडीक'. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही असे माळ वर्षानुवर्षं मोडत आले आहेत. पडीक म्हटलं की तिचं भलं करायला सगळे मोकळे. कुणी प्लॉट पाडतं, कुणी कालव्याच्या पाण्यावर ऊस आणतं, कुणी महामार्ग रुंद करतं, आणि सर्वांत सद्‌भावनेने गिरिपुष्पाची झाडं लावतं. झाड लावणाऱ्याला विरोध करणं आपल्याकडे पाप आहे, मी ते करतो आहे. गवताच्या परिसंस्थेवर परकी झाडं उभी करणं म्हणजे सरोवर बुजवून विहीर खणल्याचा सत्कार घेणं. सासवड-जेजुरीच्या बाजूला कळप सोडून निघालेल्या लांडग्याला पुढे रस्ता लागतो, वसाहत लागते आणि उकिरड्यावर पोसलेली भटकी कुत्री लागतात. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. जोडीदार न मिळालेल्या प्राण्याने जवळचा पर्याय निवडला. त्याला दोष कसला? कुंपण न घालता बाझल तयार करता येतं, हे आपण दाखवून देतो आहोत.

धनगराचं ज्ञान या सगळ्यात कुठे आहे? त्याच्या ओव्यांवर, बिरोबा-खंडोबावर गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने आयुष्य घालवलं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी त्याच्या परिसंस्थेचा अभ्यास केला. लांडग्याच्या ग्रंथांत मात्र तो 'नुकसानीचे प्रमाण' नावाच्या तक्त्यात येतो. उलट बाजूने, माळावर जाऊन दोन फोटो काढणारी मंडळी त्याला ऋषी करून सोडतात: म्हणे लांडग्याचा वाटा तो आनंदाने देतो. आनंदाने कुणी कोकरू देत नाही. तो शिव्या घालतो, दगड भिरकावतो, कुत्री सोडतो, आणि विष घालणारेही आहेत. तरी त्याला वाघरीभोवती लांडगा असणार हे गृहीत असतं, जसा पाऊस कमीजास्त होणार हे गृहीत असतं. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या वाड्यांना सरकारी पंचनाम्याची वाट पाहत एका जागी थांबता येत नाही, म्हणून भरपाईच्या कागदांत त्यांची मेलेली मेंढरं बरीचशी नसतातच. त्या कागदांवर बेतलेले संघर्षाचे आकडे किती खरे मानायचे, हे आकडे छापणाऱ्यांनी सांगावं.

वृक्षारोपणाच्या फलकावर किती रोपं लावली हे ठळक अक्षरांत असतं. त्याच माळावर पूर्वी किती खांडं चरत होती आणि कोणत्या नाल्यात लांडगी विते हे फलकावर नसतं, ते मेंढक्याला तोंडपाठ असतं. पुढचा लांडग्यावरचा ग्रंथ ज्याला लिहायचा असेल त्याने आधी त्याच्याकडे जावं. माहिती मिळेल, लांडग्यासाठी आणि वन खात्यासाठी राखून ठेवलेल्या शिव्याही मिळतील, आणि त्याही नीट टिपून घ्याव्यात.