मागें राहिलेला दंड

नीतिशास्त्रांतील प्रश्नांची चर्चा करतांना आपण बहुधा मोठे प्रसंगच उदाहरणादाखल घेतों. प्राण द्यावा कीं वचन मोडावें, पित्याची आज्ञा पाळावी कीं न्यायाची, असे प्रसंग सामान्य माणसाच्या आयुष्यांत फारसे येत नाहींत. आणि आले तरी लोकांचे डोळे त्याच्याकडे लागलेले असल्यामुळें कीर्तीची आशा किंवा अपकीर्तीचें भय त्याच्या मदतीस धांवून येतें. माणसाची खरी पारख होते ती जेथें गोष्ट क्षुल्लक आहे, पाहणारा कोणी नाहीं आणि कर्तव्य चुकविल्यास कांहीं बिघडणार नाहीं, अशा जागीं. असाच एक क्षुल्लक प्रश्न प्रस्तुत लेखांत विचारासाठीं घेतला आहे. वाहन चालवितांना केलेल्या नियमभंगाबद्दल झालेला दंड न भरतां एखादा मनुष्य तो देश सोडून गेला, तर दंड भरण्याचें बंधन त्याच्यावर राहतें काय?

हा प्रश्न आज पुष्कळ मराठी घरांतला आहे. पुण्यास सिग्नल लाल झाल्यावर गाडी पुढें नेली, किंवा मुंबईच्या वाटेवर वेगाची मर्यादा ओलांडली, कीं खांबावरील कॅमेरा नंबरपट्टीचें छायाचित्र टिपतो आणि ई-चलान गाडीच्या नोंदलेल्या मालकाच्या मोबाइलवर जातें. पूर्वीं दंड करणारा हवालदार समोर उभा असे; त्याच्याशीं वाद घालतां येई, पण त्याला विसरतां येत नसे. आतां दंड करणारा दिसत नाहीं, आणि दंड झाल्याचें कळतेंच असेंहि नाहीं. मोबाइलचा नंबर बदललेला असतो, पत्ता सोडून दिलेल्या भाड्याच्या घराचा असतो, आणि गाडीचा मालक एव्हांना टोरांटो किंवा मेलबर्न येथें नोकरींत रुळलेला असतो. उलट, म्यूनिकची नोकरी संपवून परत आलेल्या गृहस्थाच्या मागेंहि तिकडे अशी एखादी नोटीस राहून जाते. दोन्ही ठिकाणीं मनांत एकच विचार येतो: आतां कोण विचारतो?

या विचाराला तर्काचें रूप दिलें तर पहिला पक्ष असा होतो कीं, ज्याची वसुली होऊं शकत नाहीं तो दंडच नव्हे. कायद्याचा हात आंखूड पडला कीं बंधनहि संपलें. या पक्षाची परीक्षा सोपी आहे. कायद्याचा हात किती लांब पोंचावा, हें राज्याराज्यांतील करारांवर अवलंबून असतें. युरोपीय संघानें २००५ सालीं केलेल्या व्यवस्थेप्रमाणें एका सभासद देशांत झालेला ७० युरो वा त्याहून अधिक दंड दुसऱ्या सभासद देशाकडून वसूल करवून घेतां येतो. स्वित्झर्लंड त्या संघांत नाहीं. म्हणून जर्मनींत झालेला दंड झुरिकच्या रहिवाशाकडून त्याच्या घरीं वसूल करणें पुष्कळ वर्षें दुरापास्त होतें. पुढें या दोन देशांतील नवा पोलीस-करार १ मे २०२४ पासून अमलांत आला व ही वसुली शक्य झाली. आतां हा पक्ष खरा मानला तर ३० एप्रिलच्या रात्रीं जें कर्तव्य नव्हतें तें दुसऱ्या सकाळीं कर्तव्य झालें, असें म्हणावें लागेल. त्या एका रात्रींत माणूस बदलला नाहीं, रस्ता बदलला नाहीं, केलेलें कृत्यहि बदललें नाहीं. बदललें तें फक्त पकडलें जाण्याचें भय. भयाच्या मापानें कर्तव्य मोजणारास हिशेबी म्हणतां येईल; नीतिमान् म्हणतां येणार नाहीं.

भय अजिबात काढून घेतलें तर माणसें कशीं वागतात, याचा एक प्रयोग न्यूयॉर्क शहरांत आपोआप घडून आला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामासाठीं तेथें राहणाऱ्या परकीय मुत्सद्द्यांकडून, त्यांना असलेल्या राजनैतिक संरक्षणामुळें, गाडी भलत्या जागीं उभी केल्याचा दंड सक्तीनें घेतां येत नसे. रेमंड फिसमन व एडवर्ड मिगेल या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं या थकलेल्या दंडांचा अभ्यास करून २००७ सालीं तो प्रसिद्ध केला. १९९७ ते २००२ या काळांत न भरलेल्या पावत्यांची संख्या दीड लाखाच्या वर गेली होती. २००२ सालीं शहरानें दंड थकविणाऱ्यांच्या गाड्यांच्या खास नंबरपट्ट्या काढून घेण्यास सुरुवात केली, तेव्हां हे प्रकार शेंकडा ९८ नीं घटले. यावरून सक्तीचें सामर्थ्य दिसतें, हें खरें. परंतु त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, सक्ती नव्हती त्या काळांतहि कांहीं देशांच्या प्रतिनिधींच्या नांवें थकलेला दंड जवळजवळ नव्हताच. त्यांत नॉर्वे, स्वीडन, जपान हे संपन्न देश होते, तसा बुर्किना फासोसारखा गरीब देशहि होता. म्हणजे शहर तेंच, रस्ते तेच, सवलतहि तीच; फरक होता तो प्रत्येकानें आपल्या घरून काय बरोबर आणलें होतें, यांत.

दुसरा पक्ष अधिक सभ्य आहे. तो म्हणतो, "मी त्या राज्याच्या छत्राखालीं होतों तोंवर त्याचे कायदे पाळणें माझें काम होतें. आतां मी तें छत्र सोडलें, करार संपला." हा युक्तिवाद करणारास थोरांचा आधारहि सांपडण्यासारखा आहे. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानें १६८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, जो कोणी एखाद्या राज्यांतील नुसत्या हमरस्त्यानें मोकळेपणें प्रवास करतो, तोहि त्या राज्याच्या कायद्यास मूक संमति देतो; आणि ही संमति त्या उपभोगापुरती असते. उपभोग संपला कीं बंधन संपलें, असा अर्थ यांतून काढण्याचा मोह होतो. पण पुढील बंधन संपणें निराळें आणि मागील देणें फिटणें निराळें. भाड्याची खोली सोडल्यावर पुढच्या महिन्याचें भाडें कोणी मागत नाहीं. म्हणून मागच्या महिन्याचें माफ होत नाहीं. उलट, खोली सोडतांना हिशेब चुकता करणें हाच सोडण्याचा सभ्य मार्ग. ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस याला तुरुंगांतून पळून जाण्याची सोय त्याच्या मित्रांनीं केली होती. त्यानें ती कां नाकारली, याचें वर्णन प्लेटोनें केलें आहे. त्यांत अथेन्सचे कायदे त्याला बजावतात कीं, हें नगर न आवडल्यास आपलें चीजवस्तु घेऊन जाण्याची मोकळीक तुला जन्मभर होती. जाण्यास हरकत नव्हती; हरकत होती ती निकाल लागल्यावर पळून जाण्यास.

तिसरा पक्ष व्यवहारी माणसाचा. त्याच्या मतें दंड ही एक किंमत आहे. ज्याला परवडते त्यानें द्यावी, ज्याला टाळतां येते त्यानें टाळावी. इस्राएलमधील हैफा शहरांतल्या दहा बालगृहांविषयींचें एक संशोधन २००० सालीं प्रसिद्ध झालें आहे. मुलांना नेण्यास उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकीं सहा ठिकाणीं दंड लावून पाहिला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजीं वाढले. आणि पुढें दंड उठविल्यावरहि ते पूर्वीइतके कमी झाले नाहींत. कारण उघड आहे. पूर्वीं उशीर झाला तर शिक्षिकेपुढें संकोच वाटे. आतां उशीर विकत घेतां येऊं लागला. दंडाला किंमत मानलें कीं अशी हानि होते. सिग्नलचा लाल दिवा ही विक्रीस ठेवलेली वस्तु नव्हे. एकमेकांस न ओळखणाऱ्या माणसांनीं एकमेकांस दिलेलें तें वचन आहे. म्हातारी बाई हातांत पिशवी घेऊन रस्ता ओलांडते ती सरकारवर भरंवसा ठेवून नव्हे, तर समोरचा अनोळखी माणूस थांबेल या भरंवशावर. २०२२ या एका सालांत भारतांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि सरकारी अहवालाप्रमाणें यांतील निम्म्याहून अधिक मृत्यु अतिवेगामुळें झाले. दंडाची पावती त्या मोडलेल्या वचनाची असते. रक्कम खजिन्यांत जाते खरी. पण देणें आहे तें पादचाऱ्याचें.

म्हणूनच "रस्त्यांत खड्डे ठेवणाऱ्या सरकारला दंड कां भरावा?" हा प्रश्नहि लागू पडत नाहीं. सरकारचा दोष सरकारला विचारावा. तो पादचाऱ्याच्या खात्यांतून वळता करून घेतां येणार नाहीं.

आतां प्रतिपक्षाच्या ज्या तक्रारी न्याय्य आहेत त्याहि नमूद केल्या पाहिजेत. यंत्रहि चुकतें. अंधुक छायाचित्रांतील एका आंकड्याच्या घोंटाळ्यानें दुसऱ्याचा दंड आपल्या नांवें पडतो. गाडी विकली, पण कागदोपत्रीं नांव बदलून घेतलें नाहीं, तर नव्या मालकाच्या चुकीचें चलान जुन्या मालकाकडे येत राहतें. परदेशांतून पैसे भरूं गेल्यास ओ.टी.पी. बंद पडलेल्या नंबरावर जातो. अशा स्थितींत मनुष्यानें मुकाट्यानें सारें सोसावें असें कोणी म्हणणार नाहीं. चलानासोबतचें छायाचित्र पाहावें, तें आपलें नसेल तर लेखी तक्रार करावी, दाद मागावी. आपल्यावर झालेला दंड नाकारण्याचा हक्क प्रत्येकास आहे. पण नाकारणें आणि उत्तरच न देणें, यांत अंतर आहे. १९२२ सालीं अहमदाबादच्या न्यायालयांत महात्मा गांधींनीं आरोप कबूल करून कठोरांतली कठोर शिक्षा मागितली. कायद्याला विरोध करणारानेंहि कायद्यासमोर उभें राहावें, असा त्याचा अर्थ. जो समोर येतच नाहीं, त्याचें मौन हा विरोध नव्हे.

शिवाय हें मौन दुसऱ्या कोणास तरी महाग पडतें. मुलगा सातासमुद्रांपलीकडे असला तरी नोटीस येते ती घरच्या दारावर, आणि दार उघडतात ते सत्तरीचे वडील. गाडी धाकट्या भावाच्या नांवें करावयाची तर थकलेला दंड आडवा येतो. लोकअदालतीची तारीख लागली कीं हातांत कागदांची पिशवी घेऊन रांगेंत उभे राहतात तेहि वडीलच. आणि "मुलगा बाहेर असतो," हें वाक्य जें ते एरवीं अभिमानानें उच्चारतात, तें त्या रांगेंत त्यांना समजुतीसाठीं उच्चारावें लागतें. न भरलेला दंड नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्याच्या खांद्यावर जातो.

राहिला प्रश्न क्षमेचा. कायदा स्वतःच कांहीं काळानें विसरतो. केवळ दंडास पात्र अशा अपराधाची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयानें घेऊं नये, हें १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंतील तत्त्व २०२३ च्या नव्या संहितेनेंहि कायम ठेवलें आहे. लोकअदालतींत तडजोडीनें कमी रक्कम घेऊन प्रकरण मिटवितात. मग मनुष्यानें कायद्याहून अधिक कडक कां व्हावें? येथें महाभारताच्या शांतिपर्वांतील शंख व लिखित या बंधूंची कथा आठवते. भाऊ आश्रमांत नसतां लिखितानें त्याच्या झाडाचीं फळें न विचारतां खाल्लीं. शंखानें त्याला सांगितलें, ही चोरी झाली. राजाकडे जाऊन दंड माग. सुद्युम्न राजा म्हणाला, दंड करण्याचा अधिकार राजाचा असेल तर क्षमेचाहि आहे. लिखितानें ती क्षमा घेतली नाहीं. त्याचे हात तोडण्यांत आले, आणि पुढें बाहुदा नदींत उतरल्यावर ते पूर्ववत् झाले. तेव्हां त्यानें भावास विचारलें, तुझ्या तपानें हें होणार होतें तर आधींच मला शुद्ध कां केलें नाहींस? शंख म्हणाला, तुला दंड करणारा मी नव्हे.

त्या शिक्षेची क्रूरता आपणांस आज मान्य होणार नाहीं, आणि फळांसाठीं हात मागणारा समाज आपणांस नको आहे. परंतु कथेंतील मर्म जुनें झालेलें नाहीं. दोष आपण केला, आणि त्याची क्षमाहि आपणच आपणांस करून टाकली, हा व्यवहार खोटा. कायद्यानें दिलेली सवलत प्रामाणिकपणें घेणें यांत दोष नाहीं. सवलत मिळेल, मुदत टळेल, म्हणून दडून बसणें हा मात्र दुसरा अपराध होय, आणि त्याचें चलान कोणताहि कॅमेरा काढीत नाहीं.

परदेशांतून सुटीवर आलेले आपले बांधव तिकडील शिस्तीचें वर्णन मोठ्या कौतुकानें करतात. मध्यरात्रीं चौकांत चिटपांखरूं नसतां तेथें गाड्या लाल दिव्यापुढें थांबतात, हें ते सांगतात, आणि आपणहि थांबतों असें त्यांत सुचवितात. तें खोटें नसतें. पण ती शिस्त त्या देशाची कीं त्यांची स्वतःची, हें त्या चौकांत कळूं शकत नाहीं; तेथें थांबणें ही देशरीति आहे, आणि न थांबल्यास भरावा लागणारा भुर्दंडहि मोठा आहे. तें कळतें तें पुण्याच्या एखाद्या जुन्या चलानावरून, जें कोणी मागत नाहीं, जें भरल्याबद्दल कोणी शाबासकी देणार नाहीं, आणि ज्याची रक्कम त्या गृहस्थाच्या आजच्या एका जेवणाच्या बिलाइतकीहि नाहीं. तें भरण्यास दहा मिनिटें लागतात. तीं दहा मिनिटें ज्याला सांपडलीं, तो कोठेंहि राहिला तरी आपला कायदा आपल्याबरोबर घेऊन राहतो.