दुर्मिळता आणि ऋण : सोल संगीताच्या संग्राहकांचा नैतिक पेच

संग्रह करणे आणि आस्वाद घेणे या दोन क्रिया शेजारी नांदत असल्या, तरी त्या एक नव्हेत. आस्वादकाला कलाकृती अनुभवावयाची असते. संग्राहकाला ती आपल्यापाशी असावी असे वाटते. पुष्कळदा एकाच व्यक्तीत या दोन्ही वृत्ती मिसळलेल्या असतात आणि त्यामुळे त्यांच्यातील अंतर नजरेआड होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणारे, आणि कोणता गायक श्रेष्ठ यावर हिरिरीने वाद घालणारे रसिक हे या मिश्रणाचे बोलके उदाहरण होय. त्यांच्या व्यवहाराकडे बारकाईने पाहिले असता एक प्रश्न उभा राहतो : कलावंताच्या वाट्याला आलेल्या अपयशामुळेच जर एखादी वस्तू मौल्यवान ठरली असेल, तर त्या वस्तूचा धनी त्या कलावंताचे काही देणे लागतो काय?

सोल संगीताचा उगम चर्चमध्ये आहे. १९५४ साली रे चार्ल्स याने एका भक्तिगीताच्या चालीवर ऐहिक प्रेमाचे गाणे रचले. १९५७ साली सॅम कुक भक्तिगीतांचा प्रसिद्ध गायकवृंद सोडून लौकिक संगीताकडे वळला. प्रार्थनेतील आर्तता, गायक आणि समुदाय यांच्यातील सवाल-जबाब, शब्द अपुरे पडल्यावर उमटणारा हुंकार हे सारे नव्या संगीतात जसेच्या तसे उतरले. १९५९ साली बेरी गॉर्डी याने डेट्रॉइट येथे मोटाउनचा पाया घातला. मेम्फिस येथे एका जुन्या चित्रपटगृहात स्टॅक्स ही कंपनी उभी राहिली. या दोन मोठ्या कंपन्यांच्या आजूबाजूला शेकडो लहान कंपन्या मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकड्या काढीत होत्या. त्यांपैकी बहुसंख्य तबकड्या खपल्या नाहीत. संग्राहकांचे जग प्रामुख्याने या न खपलेल्या तबकड्यांचे जग आहे.

हे जग आकारास आले ते मात्र अमेरिकेत नव्हे, तर उत्तर इंग्लंडमधील औद्योगिक गावांत. मँचेस्टरमधील ‘ट्विस्टेड व्हील’ आणि त्यानंतर १९७३ ते १९८१ या काळात विगन येथील ‘कसिनो’ अशा नृत्यगृहांत कामगारवर्गातील तरुण रात्रभर नाचत असत. अमेरिकेतील संगीत साठच्या दशकातील शैली मागे टाकून पुढे गेले होते. या तरुणांना मात्र तीच जुनी, वेगवान लय हवी होती. नवी निर्मिती थांबल्यावर जुन्याचा शोध घेणे एवढाच मार्ग उरला. विक्रेते आणि डीजे अमेरिकेत जाऊन गोदामांत धूळ खात पडलेले साठे उपसू लागले. कोणीही न ऐकलेले गाणे जो शोधून काढील, त्याची प्रतिष्ठा वाढू लागली. डेव्ह गोडिन या समीक्षकाने या अभिरुचीला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिले.

या अभिरुचीचे सर्वांत गाजलेले प्रतीक म्हणजे फ्रँक विल्सन याने १९६५ साली गायिलेले ‘डू आय लव्ह यू’ हे गाणे. मोटाउनच्या एका शाखेने त्याच्या काही नमुनाप्रती काढल्या. परंतु ती मुद्रिका बाजारात आलीच नाही आणि बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. विल्सन पुढे त्याच कंपनीत निर्माता म्हणून नावारूपास आला. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच प्रती शिल्लक राहिल्या. २००९ साली त्यांपैकी एक पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला, आणि २०२० साली एक लाख पौंडांना विकली गेली. हे गाणे १९७९ सालीच ब्रिटनमध्ये रीतसर प्रकाशित झाले होते. तेव्हा एक लाख पौंड देणाऱ्याने गाणे विकत घेतले असे म्हणता येत नाही. गाणे तर कोणालाही उपलब्ध होते.

डॅरेल बँक्स याच्या ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’ या १९६६ सालच्या मुद्रिकेचे उदाहरण याहूनही स्पष्ट आहे. हे गाणे अमेरिकेत चांगले खपले होते. ब्रिटनमध्ये ते ज्या कंपनीच्या नावाने निघाले, त्या प्रती सहज मिळतात. परंतु प्रकाशनाआधीच माघार घ्यावी लागलेल्या दुसऱ्या एका कंपनीचे नाव असलेल्या प्रतीला पुढे चौदा हजार पौंडांहून अधिक किंमत आली. गायक तोच, गाणे तेच, ध्वनिमुद्रणही तेच. फरक आहे तो मध्यभागी चिकटवलेल्या कागदी चकतीचा. आणि ज्याच्या आवाजाभोवती हा सारा व्यवहार चालला, तो बँक्स १९७० साली डेट्रॉइटमध्ये, कर्तव्यावर नसलेल्या एका पोलिसाची गोळी लागून मरण पावला होता.

यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीभोवतीचे तेजोवलय मावळते, असे वॉल्टर बेंजामिन याने १९३६ च्या सुमारास मांडले होते. येथे त्याच्या नेमके उलट घडलेले दिसते. हजारोंच्या संख्येने निघण्यासाठीच जन्मलेली वस्तू केवळ बाजारातील अपघातामुळे एकमेव ठरते आणि तिच्याभोवती वलय निर्माण होते. चित्राची एकमेवता चित्रकाराच्या हातातून येते. या तबकडीची एकमेवता वितरकाच्या अनास्थेतून येते. म्हणजे संग्राहक ज्याला मूल्य म्हणतो, त्याचा एक अंश कलाबाह्य आहे. एवढेच नव्हे, तर गायकाला जे दुर्दैव वाटले असेल, तेच त्या मूल्याचे कारण आहे. ही मुद्रिका तिच्या काळात खपली असती, गायकाला श्रोते लाभले असते, तर संग्राहकाला ती इतकी प्रिय राहिली नसती. प्रेमाची ही रचना नैतिकदृष्ट्या अस्वस्थ करणारी आहे.

ही अस्वस्थता एका विशिष्ट प्रथेत टोकाला जाते. विगनच्या काळात डीजे आपल्या दुर्मिळ तबकडीवरील चकती कागदाने झाकून टाकीत आणि प्रतिस्पर्ध्यांना माग लागू नये म्हणून तिला भलतेच नाव देत. फ्रँक विल्सनचे गाणेही आधी दुसऱ्याच एका गायकाच्या नावाने वाजवले गेले. ज्या गायकाला त्याच्या देशाने ओळखले नाही, त्याला त्याचे चाहतेही काही काळ निनावी ठेवीत होते. हजारोंच्या समुदायाने त्याच्या आवाजावर बेभान होऊन नाचावे आणि त्याचे नाव मात्र कोणालाही माहीत नसावे, ही स्थिती आस्वादाची परिपूर्ती मानावी की आस्वादाच्या नावाखाली झालेली चोरी? सहृदय ही आपल्या काव्यशास्त्रातील संकल्पना येथे कसोटीस लागते. दुसऱ्याच्या अनुभूतीशी तन्मय होणारा तो सहृदय. स्वामित्वाची चिंता वाहणारा मनुष्य ऐकताना तन्मय होतही असेल. पण तबकडी कागदाने झाकीत असताना तो सहृदय राहत नाही.

संग्रहाच्या जोडीने चालणारे वादही तपासून पाहण्यासारखे आहेत. त्यांतील सर्वांत जुना वाद मोटाउन आणि स्टॅक्स यांच्यातील आहे. मोटाउनचे संगीत गुळगुळीत, गोऱ्या श्रोत्यांना रुचावे असे घडवलेले. स्टॅक्सचे संगीत रांगडे आणि म्हणून अस्सल कृष्णवर्णीय, असे त्याचे ढोबळ स्वरूप असते. वस्तुस्थिती या विभागणीला साथ देत नाही. मोटाउनचा मालक कृष्णवर्णीय होता; स्टॅक्सचे संस्थापक जिम स्ट्यूअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन हे भाऊ-बहीण गोरे होते. स्टॅक्सच्या वादकचमूत दोन गोरे आणि दोन कृष्णवर्णीय वादक होते. ॲरेथा फ्रँकलिन हिच्या आयुष्याला कलाटणी देणारे १९६७ सालचे ध्वनिमुद्रण अलाबामातील गोऱ्या वादकांच्या साथीने झाले. तेव्हा ‘अस्सल’ हा शब्द या वादात वापरला जातो, तेव्हा तो संगीताचे वर्णन करीत नसून श्रोत्याची मागणी व्यक्त करीत असतो. कृष्णवर्णीय गायकाने रांगडेच असावे, त्याने सफाई मिळवली तर तो आपल्या लोकांपासून दुरावला, ही ती मागणी होय. मोटारींच्या कारखान्यात राबलेल्या गॉर्डीने आपल्या गायकांना सफाईदार वावर आणि उंची पोशाख दिले, त्यामागे प्रतिष्ठेची आकांक्षा होती. तिला तडजोड म्हणून हिणवणे सोपे आहे. ती आकांक्षा ज्यांना नाकारली गेली, त्यांच्या जागी उभे राहून पाहणे कठीण.

याच मागणीचे अधिक क्रूर रूप दुःखाच्या गौरवात दिसते. मेम्फिसच्या जेम्स कार याने १९६७ च्या सुमारास गाजवलेले ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’ हे अनेक जाणकारांच्या मते सोल गायनाचे शिखर आहे. कार दीर्घकाळ मानसिक आजाराने ग्रस्त होता. २००१ साली तो निवर्तला. त्याच्या गायनाची थोरवी सांगताना त्याच्या आजाराचा उल्लेख वारंवार केला जातो, जणू तो आजार त्या आवाजाच्या अस्सलपणाचा दाखला होता. वास्तविक ते गाणे डॅन पेन आणि चिप्स मोमन या दोन गोऱ्या गीतकारांनी रचलेले होते, आणि कारने ते चर्चच्या परंपरेत कमावलेल्या कसबाने गायिले. दुःख हे कसबाला पर्याय ठरत नाही. गायकाच्या यातनेला मूल्य मानणारा श्रोता नकळत त्या यातनेचा लाभार्थी होतो.

तथापि संग्राहकाला केवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. ज्या तबकड्या कंपन्यांनी फेकून दिल्या, त्या त्याने सांभाळल्या. १९८९ साली स्टॅक्सची वास्तू पाडण्यात आली. तिच्या जागी संग्रहालय उघडण्यास २००३ साल उजाडावे लागले. मधल्या काळात त्या संगीताची स्मृती ज्यांनी जागती ठेवली, त्यांत संग्राहकांचा वाटा मोठा आहे. मोटाउनच्या मुद्रिकांवर १९७१ पर्यंत वादकांची नावे छापली जात नसत. जेम्स जेमर्सन या बासवादकाने असंख्य लोकप्रिय गाण्यांचा कणा घडवला. १९८३ साली तो वारला तेव्हा सामान्य श्रोत्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. पुढे ते ठाऊक झाले, ते कोणत्या सत्रात कोण वाजवीत होते याचा ध्यास घेतलेल्या अभ्यासकांमुळे आणि रसिकांमुळे. डेव्ह गोडिन याने तर उपेक्षित गायकांच्या ध्वनिमुद्रणांचे संकलन करून १९९७ पासून चार खंड सिद्ध केले आणि जे मोजक्यांजवळ होते, ते सर्वांसाठी खुले केले. एकच वेड एकाला नाव झाकण्यास प्रवृत्त करते आणि दुसऱ्याला नाव उजेडात आणण्यास. भेद आवडीच्या तीव्रतेत नाही. तो तिच्या दिशेत आहे.

मग गायकाचे देणे कोणते? कायदा याबाबत जवळजवळ मूक आहे. जुनी तबकडी हातोहात कितीही किमतीला विकली गेली, तरी गायकाला त्यातून काही मिळत नाही. अमेरिकेत रेडिओवर गाणे वाजले तर गीतकाराला मोबदला मिळतो, गायकाला नाही. ग्लोरिया जोन्स हिने साठच्या दशकात गायिलेले ‘टेंटेड लव्ह’ अपयशी ठरले. विक्रेत्यांनी ते उकरून काढले, नृत्यगृहांत ते गाजले आणि १९८१ साली ‘सॉफ्ट सेल’ या ब्रिटिश जोडीने ते पुन्हा गाऊन ब्रिटनमध्ये अग्रस्थानी नेले. त्या यशातील रचनेचा हक्क गीतकाराचा होता. गाण्याला पहिला आवाज देणारीचा त्यावर कायदेशीर अधिकार नव्हता.

अशा वेळी ‘अपराध’ ही संकल्पना फारशी उपयोगी पडत नाही, कारण संग्राहकाने कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही. ‘ऋण’ ही संकल्पना अधिक समर्पक आहे. अपराध न करताही मनुष्य ऋणी असू शकतो. वैदिक परंपरेने तर त्याला जन्मतःच ऋणी मानले आहे. त्यांपैकी ऋषिऋण ऋषींना काही परत देऊन फिटत नाही. ते अध्ययनाने, म्हणजे मिळालेले पुढे चालवून फिटते. संग्राहकाचे ऋण काहीसे या जातीचे आहे. नाव नोंदवणे, इतिहास पडताळणे, ध्वनी इतरांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे अध्ययन होय.

परंतु येथेच सावध राहावयास हवे. ऋषी दिवंगत असतात. त्यांना घरभाडे द्यावे लागत नाही. अनेक गायक मात्र हयात असताना त्यांच्या मुद्रिकांचे लिलाव होत होते. सोलच्या आधीच्या पिढीतील रूथ ब्राउन हिने आपल्या थकलेल्या रॉयल्टीसाठी वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा कुठे कंपनी नमली आणि १९८८ साली जुन्या कलावंतांच्या साहाय्यासाठी एक प्रतिष्ठान उभे राहिले. तिला स्मरण नको होते असे नाही. पण तिने मागितले ते पैसे. जिवंत कलावंताचे ऋण केवळ स्मरणाने फेडू पाहणे ही सोयीस्कर आध्यात्मिकता ठरते.

तेव्हा संग्राहकाच्या नैतिकतेची कसोटी त्याच्या संग्रहाच्या आकारावर वा त्याच्या कानाच्या तयारीवर ठरणार नाही. आपल्याजवळील वस्तूला किंमत का आली याचे संपूर्ण उत्तर तो स्वतःला देतो की नाही, आणि ते दिल्यावर गायक हयात असेल तर त्याच्या हक्काच्या बाजूने उभा राहतो की नाही, यावर ती ठरेल. तबकडीवर कोरलेला आवाज कोणा एकाच्या कपाटासाठी गायिला गेला नव्हता. १९६५ साली ध्वनिमुद्रणाच्या त्या खोलीत गाणाऱ्याला पुष्कळांनी ऐकावे असेच वाटत असणार. ती साधी इच्छा दुर्मिळतेपेक्षा मोठी मानणे, एवढे तरी श्रोत्याच्या हातात आहे.