वेळ गाठणारे प्रेक्षक

नृसिंहवाडीच्या दक्षिणद्वार सोहळ्याला कुणी नाटक म्हटले तर ते भाविकाला आवडणार नाही, आणि नाटकवाल्यालाही नाही. तरीही रंगभूमीचे पुढे काय होणार या प्रश्नाचा विचार तिथूनच सुरू करावा असे मला वाटते. पावसाळ्यात कृष्णा आणि पंचगंगा फुगतात. संगमाचे पाणी घाट चढत दत्ताच्या देवळाशी येते, उत्तरेकडून आत शिरते, मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते. त्या दाराशी उभे राहून स्नान करायचे. पाणी आणखी चढले की देऊळच बुडते, उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात न्यावी लागते आणि स्नान आटोपते. म्हणून वाडीत ‘चढता दक्षिणद्वार’ आणि ‘उतरता दक्षिणद्वार’ असे दोन्ही बोलले जाते. पाणी चढताना एक संधी, ओसरताना दुसरी. तिकीट नाही, पत्रिका नाही, तिसरी घंटा नाही. मध्यरात्री दोनला होईल किंवा भर दुपारी जेवणाच्या पंगतीत बातमी येईल. ज्याने वेळ गाठली त्याचे स्नान झाले.

ही वेळ पूर्वी गाठायची कुणी? वाडीतल्या पुजाऱ्यांनी, पेढे-बासुंदीच्या दुकानदारांनी, सेवेला येऊन राहिलेल्यांनी, फार तर नदीपलीकडच्या कुरुंदवाडकरांनी. आता फोनवर निरोप फिरतो आणि इचलकरंजी, सांगली, बेळगावहून गाड्या निघतात. ज्यांना निघता येत नाही ते पडद्यावर पाहतात. वेळसुद्धा आता निव्वळ पावसाची राहिलेली नाही. कोयनेतून किती विसर्ग सुटला, राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, यावर संगमाची पातळी ठरते आणि अलमट्टीच्या फुगवट्यावरून दरवर्षी वाद होतात. म्हणजे ज्याला आपण निसर्गाचा सोहळा समजतो त्याच्या पडद्यामागे पाटबंधारे खाते उभे आहे. यात मला वाईट काही दिसत नाही. सोहळ्याचा गाभा तसाच आहे: पाणी कुणासाठी थांबत नाही.

रंगभूमीबद्दल माझे म्हणणे याच्या जवळचे आहे. यंत्रे आली की नाटक मरणार, अशी हाकाटी दीडशे वर्षे चालू आहे. नाटक मेले नाही. प्रत्येक यंत्राने प्रयोगाला प्रेक्षकाशी बांधणारी एकेक दोरी तेवढी सोडवली. आधी जागेची, मग आवाजाची, मग देहाची. शेवटची उरली ती वेळेची, आणि आज सोडवली जाते आहे ती हीच.

वाडीच्या वरच्या अंगाला, याच कृष्णेवर, सांगली आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि तसेच मराठीत करायला विष्णुदास भाव्यांना सांगितले. 1843 साली ‘सीता स्वयंवर’ झाले; 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याचाच. सांगलीजवळ वारणेच्या संगमावरचे हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचे गाव, आणि ‘कीचकवध’वाले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचेच. मराठी नाटकाचा एवढा मोठा भाग या एकाच नदीकाठी जन्मावा हा योगायोग म्हणून सोडून देता येतो, पण मला तो सोडवत नाही. संस्थानिकांचा आश्रय, घाटावरची कीर्तने, उत्सवांत रात्र जागवायची सवय हे सगळे इथे आयतेच होते. भाव्यांचा सूत्रधार पद गात कथा पुढे नेई तो कीर्तनकाराच्याच थाटात.

त्या काळात प्रयोग गावाला बांधलेला होता. राजाच्या वाड्यात झाला तर वाड्यापुरता. 1853 साली भाव्यांची मंडळी मुंबईला गेली आणि पैसे मोजून येणाऱ्या अनोळखी माणसांपुढे खेळ सुरू झाले. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली तेही त्याच वर्षी. पुढे 1891 मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग झाला आणि या भागात पेट्या, पडदे, बिऱ्हाडासकट नाटक कंपन्या डब्यांतून फिरू लागल्या. जागेची दोरी सुटली. नाटक गावाकडे येऊ लागले, आणि गावाला आपले असे नाटक उरले का, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडला नाही.

दिव्यांची गोष्ट याहून खोल आहे. मशाली, दिवट्या, मग गॅसबत्त्या, मग वीज. मशालीच्या उजेडात नट जितका दिसे तितकाच शेजारी बसलेला माणूसही दिसे. वाग्नरने 1876 साली बायरॉइटच्या नाट्यगृहात प्रेक्षागार अंधारे करून टाकले, आणि पुढे विजेने तो अंधार सगळीकडे सोयीचा केला. प्रेक्षक आता एकटा झाला. मंचाकडे पाहायचे, शेजाऱ्याकडे नाही. कीर्तनात असे कधीच झाले नाही. वाडीत उत्सवातल्या कीर्तनाला आजही श्रोत्यांवर पुरेसा उजेड असतो, बुवांना डुलकी घेणारा दिसतो, आणि पूर्वरंग लांबतो आहे असे वाटले की ते आख्यानाकडे वळतात. पालखीत तर नट कोण आणि प्रेक्षक कोण हेच सांगता येत नाही. जो पद म्हणतो तोच पालखीमागे चालतो. मला वाटते, पडद्याकडे जाण्याची अर्धी वाट आपण त्या अंधारात चाललो होतो. सिनेमा आला तेव्हा अंधारात एकट्याने बसायची सवय तयारच होती.

हा सिनेमा कोल्हापुरात आलाही नाटकाच्याच मागच्या दारातून. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्यांनी कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 साली गेले. बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ दाखवला. विषय कीचकाचाच. खाडिलकरांच्या ज्या नाटकावर सरकारने बंदी घातली होती त्याचीच कथा आता मुकी होऊन पडद्यावर आली. त्यात बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या, हे विसरू नये. त्या वेळी रंगमंचावर बालगंधर्वांचे राज्य होते आणि नामवंत कंपन्यांत नायिका पुरुषच असे. नाटकाला ‘आंधळ्यांची शाळा’पर्यंत, म्हणजे 1933 पर्यंत थांबावे लागले, तेव्हा कुठे ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांच्यामुळे ही गोष्ट प्रतिष्ठितांच्या पचनी पडली. यंत्राच्या कपाळी नेहमी दोष लिहिणाऱ्यांनी हा हिशेब मांडावा. रंगभूमीने ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांना यंत्राने कधीकधी आधी आत घेतले.

गंधर्वांचा काळ हा प्रेक्षकाच्या मालकीच्या वेळेचा शेवटचा काळ. पदाला ‘वन्समोअर’ पडत राही, नाटक पहाटेपर्यंत चाले आणि कुणी घड्याळ काढत नसे. आवाजाची दोरी सोडवली ती ग्रामोफोनने. त्याच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तेच पद तिथे आवळून बसवावे लागले, आणि पुढच्या पिढ्यांना ते तसेच पाठ झाले. दत्ताच्या गाण्यांचेही हेच झाले. टेंबेस्वामींनी करुणात्रिपदी वाडीत रचली. गावोगावच्या मठांत, घरांत ती आपापल्या चालीत म्हटली जाई. मग आर. एन. पराडकर आले, अजित कडकडे आले, कॅसेटी आल्या. दत्ताचे गाणे घराघरांत गेले आणि जाताना एकेका गाण्याची एकच चाल घेऊन गेले. आज आरतीला तरुण मुले खड्या आवाजात सूर लावतात तेव्हा त्यामागचे ध्वनिमुद्रण ओळखू येते. म्हातारे जरा कुरकुरतात. मला त्यांची कुरकुर पटते आणि मुलांचा सूरही आवडतो.

खुद्द बालगंधर्वांनी 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांचे काम केले. कॅमेऱ्यापुढे ‘वन्समोअर’ कोण देणार? ते पुन्हा रंगमंचाकडे वळले. देहाचीही दोरी सुटू शकते हे तोवर सिद्ध झाले होते. त्यांना स्वतःला ती सोडवायची नव्हती, एवढेच.

इथे एक सर्रास ऐकू येणारे मत मला खोडायचे आहे. जिवंत नट समोर असणे हेच नाटकाचे सार, असे म्हटले जाते. मग भाव्यांच्या बाहुल्यांचे काय करायचे? त्यांनी बनवलेल्या लाकडी बाहुल्या पुढे रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. त्या बाहुल्यांच्या अंगात जीव नाही, आणि तरी समोर बसलेली मुले श्वास रोखतात. उलट, नाट्यगृहात जिवंत नट समोर असतानाही तिसऱ्या रांगेत फोनचा उजेड पडतो, तेव्हा त्या माणसापुरते नाटक संपलेले असते. सार नटाच्या देहात नाही. परत न येणाऱ्या एका वेळेला काही माणसांनी आपापली कामे टाकून जमणे, हे सार. जगानेही ते चाचपून पाहिले आहे. पॅरिसमध्ये 1881 च्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेरने ऑपेराचा आवाज टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या श्रोत्यांना ऐकवला. पुढे त्याची वर्गणीदार मिळवणारी सेवा झाली. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2009 पासून नाटके चित्रपटगृहांत प्रक्षेपित केली. दोन्हीकडे श्रोता दूर होता, पण वेळ रंगमंचाचीच होती.

2020 ने हे सगळे उघड्यावर आणले. कोरोनामुळे मार्चमध्ये नाट्यगृहेही बंद, देवळेही बंद. वाडीतले नित्यक्रम बंद दारांआड चालू राहिले. पाहणारे मात्र नव्हते. महाराष्ट्रात नाट्यगृहे निम्म्या आसनांनी उघडली 5 नोव्हेंबरला, म्हणजे रंगभूमी दिनालाच, आणि देवळे उघडली 16 नोव्हेंबरला, पाडव्याला. नाटकाला देवाच्या अकरा दिवस आधी परवानगी मिळाली याची गंमत तेव्हा कुणाच्या लक्षात आली की नाही कोण जाणे. मधल्या काळात हृषीकेश जोशींनी ‘मोगरा’ हे ‘नेटक’ केले. नट आपापल्या घरी, प्रेक्षक आपापल्या घरी, आणि प्रयोग ठरल्या वेळी, त्याच क्षणी घडणारा. अनेकांनी नाक मुरडले. माझ्या मते त्या प्रयोगात जागा नव्हती, अंधार नव्हता, टाळी नव्हती, तरी नाटक होते, कारण आठ वाजता नसाल तर ते चुकत होते.

त्यानंतर जे आले ते वेगळे. ओटीटीवरची मुद्रित नाटके, सवडीने पाहायची, मध्येच थांबवून पोळ्या लाटायच्या, उरलेले उद्या. दक्षिणद्वाराचा व्हिडिओ डिसेंबरात पाहता येतो. सोय मोठी आहे आणि तिचा तिरस्कार करण्याचा मला अधिकार नाही. ठरल्या वेळेला मोकळे असणे हीच मुळात मिरास आहे. शिरोळ तालुक्यात दत्तजयंती येते ती मार्गशीर्षात, ऐन गळीत हंगामात. पालखी निघते तेव्हा मराठवाड्यातून आलेले ऊसतोड मजूर फडात असतात किंवा खोपटात चूल पेटवत असतात. शेकडो वर्षे ‘वेळ गाठा’ हा नियम अशांना बाहेर ठेवण्याचेच काम करत आला. त्यांच्यातल्या एखादीने रात्री नऊला फोनवर पालखी पाहिली तर तिने काही गमावले, असे मी म्हणणार नाही.

तरीही सवडीने पाहणाऱ्याचे आणि वेळ गाठणाऱ्याचे पाहणे एक नाही, आणि हा फरक आपण बुजवू नये. कोल्हापुरात तो लवकरच व्यवहारात येणार आहे. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेले, 1915 चे पॅलेस थिएटर, पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात उभारलेली ती वास्तू आता पुन्हा उभी राहते आहे, आणि राधानगरी धरणाचे स्वप्न पाहिलेल्या राजाच्या नाट्यगृहात नवी यंत्रणा नको असे म्हणणे वेडेपणाचे होईल. कॅमेरे बसवावेत. गडहिंग्लजच्या, चंदगडच्या शाळांपर्यंत प्रयोग जावा. एवढीच अट घालावी: प्रक्षेपण प्रयोगाच्या वेळीच व्हावे आणि नंतर पाहायला ठेवू नये.

यावर इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार मला अडवेल. संध्याकाळी साडेसहाला त्याची पाळी चालू असते, आणि माझी अट माझ्यासारख्या रिकाम्या संध्याकाळवाल्यांच्याच सोयीची आहे, असे तो म्हणेल. त्याचे खरे आहे. त्याच्यासाठी मुद्रण ठेवण्यापेक्षा दुपारचा प्रयोग लावावा, आणि त्याची रात्रपाळी सुटते त्या दिवशी सकाळचाही. नाटकवाल्यांना ते नवे नाही.